हे नाही, पुढचं

"हं, मग?"

हे तिचे दोन शब्द. काहीही सांगा, ती मान डावीकडे थोडी कलती करणार आणि म्हणणार, "हं, मग?" मी म्हटलं, आज आमटीत मीठ जास्त पडलं. "हं, मग?" म्हटलं, मग काय, खा तशीच. तरी बाई वाट बघत उभी. खारट आमटीच्या पुढेही काहीतरी असणार, असा तिचा समज.

तुम्हीही बघितली असतील अशी माणसं. बोलणारे पैशाला पासरी मिळतात. ऐकणारं माणूस शोधावं लागतं. ती ऐकणारी होती, आणि ऐकण्यापायीच तिचं जे झालं ते झालं, असं मला वाटतं. माझ्या मुलाला तसं वाटत नाही. तो कॉम्प्युटरवाला आहे.

तिचं नाव इथे लिहीत नाही. माणूस कुठे आहे ते ठाऊक नसताना त्याला नावाने हाक मारू नये. ओ भलतंच कोणी देतं.

वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआला माझ्या मुलाचं घर टेकडीवर आहे. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली एक खोली, न्हाणीघर आणि वेगळं दार. त्या खोलीत ती भाड्याने राहायची. पस्तिशीची, एकटी, खालच्या बाजारपेठेत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. संध्याकाळी कामावरून आली की आधी वर माझ्याकडे यायची. मुलगा वेलिंग्टनहून ट्रेनने यायला उशीर, सून हॉस्पिटलात कामावर, नात टीव्हीसमोर. नातीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत. जेवायला ये म्हटलं तर म्हणते, "स्वीट ॲज, आजी." म्हणजे इथल्या बोलीत 'बरं'. तेव्हा घरात मराठीत उत्तर देणारं माणूस म्हणजे ही एकच, आणि तिचं उत्तर म्हणजे दोनच शब्द. तरी मला पुरायचे.

एक खोड मात्र वाईट होती. तिच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षा. फूटपाथच्या मधोमध ताडताड चालायची. माझे गुडघे गेलेले. मी वीस पावलं मागे. ती वळून "काकू, या ना" म्हणायची, पण पाय थांबत नसत. एकदा मी तोंडावर सांगितलं, "तुला सोबत करता येत नाही." हसली. म्हणाली, "मामाची चाल आहे काकू. त्यांच्या मागे पळूनच मोठी झाले."

तिचं गाव भोरच्या पलीकडे धरणात गेलेलं. आईबाप लवकर गेले. मामाने वाढवली. मामा विजेच्या खात्यात लाइनमन. तीस-पस्तीस वर्षं डोंगरातल्या खांबांखालून चाललेला माणूस. प्रत्येक खांब त्याला ओळखीचा. निवृत्त झाला तरी सवय सुटली नाही. रोज सकाळी अकराच्या सुमाराला निघायचा, चाळीस खांब चालायचा, चाळिसाव्यापाशी उतरून पलीकडच्या वाडीत मित्राकडे चहा घ्यायचा आणि परत. "डोळे बांधून सोडा," ती सांगायची, "मामा घरी येणार." ते 'हं, मग?' हेही मुळात मामाचंच. लहानपणी ती शाळेतून येऊन सांगायची, आणि तो चपला काढता काढता म्हणायचा, हं, मग?

त्या वर्षी तिने घरबसल्या कॉम्प्युटरवर शिकायचा एक कोर्स घेतला. विषय काय, तर गोष्टी. इथले मूळचे माओरी लोक त्यांच्या गोष्टी कशा सांगतात, आणि मागून जहाजाने येऊन वसलेले त्यांच्या कशा सांगतात. ती इंटरनेट लावायची तेव्हा यंत्र किंचाळायचं आणि आमचा फोन बंद पडायचा. सून कुरकुरायची.

मी म्हटलं, "गोळ्या विकून पोट भरतं. गोष्टींचं काय करणार?"

"काकू, आपण यातले कोण? मूळचे की वसलेले?"

"आपण भाडेकरू. तू तर भाडेकरूची भाडेकरू."

"हं, मग?"

"मग काय, अंडी संपलीत. उद्या येताना आण."

पहिला अभ्यास असा होता की आपली ओळख द्यायची, पण नावाने सुरुवात करायची नाही. आधी आपला डोंगर सांगायचा, मग आपली नदी, मग माणसं, शेवटी नाव. इथल्या लोकांची ती रीत आहे. ती माझ्या स्वयंपाकघरात कागद घेऊन बसली.

"डोंगर कोणता लिहू?"

"गावचा."

"त्याचा पायथा पाण्यात गेला."

"मग नदी लिही."

"तीच तर धरण झाली."

"मग लिही, माझं गाव पाण्याखाली. खोटं कशाला लिहायचं?"

तिने तसंच लिहिलं. शिकवणारी बाई माओरी होती. तिने उत्तर पाठवलं की ही ओळख चांगली आहे, पण यात पाय टेकायला जागा नाही. मला ती बाई हुशार वाटली.

दुसरा अभ्यास म्हणजे आपल्या लोकांची एक गोष्ट. पुस्तकातली चालणार नाही, माणसाच्या तोंडची हवी. कोणाकडून आली ते सांगायचं, आणि त्यांची परवानगी घ्यायची.

"काकू, तुम्हीच सांगा एक."

मी पेणकडची. चौथी शिकले आणि मिठागरात लागले. माझी आत्या तिथे मीठ ओढायची आणि संध्याकाळी गोष्टी सांगायची. "मीठवाल्याची एक आहे," मी म्हटलं. "आत्याची."

"आत्याला विचारायला हवं मग."

"आत्या मेली त्याला पन्नास वर्षं झाली. तू विचारून ये."

तिने कोर्सच्या बाईला विचारलं. बाईने कळवलं की गेलेल्या माणसाची परवानगी म्हणजे त्याने सांगितली तशीच गोष्ट सांगणं. त्याचे नियम पाळणं.

आत्याचे नियम दोन. एक, ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. कोणी 'हं' म्हटलं नाही तर गोष्ट आपणच ऐकणारा शोधते. दुसरा नियम तुम्हाला माहीत असेल. दिवसा गोष्ट सांगायची नाही. मामा वाट चुकतो.

ती हसली नाही. मामाचं नाव आलं की ती हसत नसे. "अंधार पडल्यावर सांगा," म्हणाली.

जूनचा महिना, इकडचा हिवाळा. पाच वाजता दिवे लागतात. सहाला बाहेर काळोख आणि दक्षिणेचा वारा, काचा थरथरत होत्या. तिने हातात मावेल एवढा टेप टेबलावर ठेवला. मी खिडकीतून बघून घेतलं. चांगला काळोख होता. आणि सुरुवात केली.

एक मीठवाला होता. आगरातलं मीठ बैलावर लादून घाटावर निघाला. पायथ्याशी एक बाई बसलेली. हातात काही नाही, डोक्यावर काही नाही. म्हणाली, दादा, पुढच्या गावापर्यंत सोबत कर. एकटीला वाट सरत नाही.

"हं."

मीठवाला म्हणाला, चल. घाट चढले, गाव आलं. तो म्हणाला, बाई, आलं तुझं गाव. तिने बघितलं आणि म्हणाली, हे नाही, पुढचं.

"हं, मग?"

पुढचं गाव आलं. चुली पेटलेल्या, कुत्री भुंकत आलेली. तो म्हणाला, आलं तुझं गाव. तिने बघितलं. हे नाही, पुढचं. तिसरं गाव आलं. बैल दमला, मीठ ओलं झालं. तो म्हणाला, आता तरी? ती म्हणाली, हे नाही, पुढचं.

तेवढ्यात फोन वाजला. सुनेचा. उशीर होईल, भात लावून ठेवा. मी फोनवर, बाहेर पाऊस आला म्हणून ती वाळत घातलेले कपडे काढायला खाली पळाली. भात लागला, कपडे आले, नात भूक भूक करायला लागली. गोष्ट राहिली. ती टेप घेऊन खाली गेली. "उद्या पुरी करू काकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मामीचा फोन आला. मामा अकराला निघाले ते चहाला पोचलेच नाहीत. घरीही आले नाहीत.

ती नोकरीवर गेली नाही. दिवसभर फोनपाशी. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. विहिरी बघितल्या, दऱ्या बघितल्या, पोलीस झाले. चाळीस खांबांची वाट, त्यात हरवायला जागा कुठे? ती मला एकसारखी तेच सांगत होती. "काकू, डोळे बांधून सोडा त्यांना." मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार?

तिसऱ्या दिवशी ती टेप घेऊन वर आली. चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. कोर्सचं काम पुढे ढकलून मागायचं म्हणून टेप कुठवर झालाय ते बघायला लावला होता, म्हणाली.

"ऐका."

माझा आवाज. मग तिचा हुंकार. तिसरं गाव, हे नाही, पुढचं. फोनची घंटा, माझी खुर्ची सरकली, तिची पावलं, दार. मग वाऱ्याचा आवाज. खोलीत कोणी नव्हतं. दुसऱ्या खोलीतून मी सुनेशी बोलतेय ते बारीक ऐकू येतं.

आणि टेपच्या अगदी जवळ कोणीतरी म्हणालं, "हं."

पुरुषाचा आवाज. म्हातारा. थोडा धाप लागलेला. जरा वेळाने घसा खाकरला आणि म्हणाला, "हं, मग?"

मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. डाव्याने चांगलं येतं. मी डावा कान लावून दोनदा ऐकलं. ऐकलं ते लिहिते आहे.

"मामा," ती म्हणाली.

मी भिंतीकडे बघितलं. आमच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत. परदेशातल्या बहुतेक घरांत असतात. एक इथलं, एक भारताचं. भारताच्या घड्याळाखाली नातीने वाकड्या अक्षरात 'आजी' लिहून चिकटवलंय, कारण मी तेच बघत बसते. इतकी वर्षं बघते, पण गोष्ट सांगताना मी खिडकी बघितली, घड्याळ बघितलं नाही. इथे सहा म्हणजे तिथे साडेअकरा. काळोख माझ्या काचेबाहेर होता. मामाच्या डोक्यावर ऊन होतं.

तिलाही कळलं. ती त्या घड्याळाकडेच बघत होती. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिने कोर्सच्या बाईला सगळं लिहून पाठवलं. मला वाटलं, बाई वेड्यात काढेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं उत्तर आलं. तिने एवढंच विचारलं, "तुम्ही गोष्ट उघडलीत. बंद केलीत का?"

"काकू, पुरी करा," ती म्हणाली. "आत्ता. सकाळचे दहा वाजलेत. तिथे साडेतीन. काळोख आहे."

आता मला जे माहीत होतं ते तिला माहीत नव्हतं. मला त्या गोष्टीचा शेवट ठाऊक नाही. मिठागरात दिवसभर उन्हात काम, संध्याकाळी आत्या सांगायला लागली की दुसऱ्या-तिसऱ्या गावापाशी मला झोप लागायची. रोज. मीठवाला कुठे पोचला ते मी कधीच ऐकलं नाही.

पण समोर ती बसलेली. टेप लावलेला. नात शाळेत गेली होती ते बरं होतं, तिलाही ख्राइस्टचर्चला एक मामा आहे. बाहेर लख्ख ऊन, अंगणात टुई पक्षी ओरडत होता. मी तिसऱ्या गावापासून पुढे निघाले. चौथं गाव, पाचवं गाव. हे नाही, पुढचं. ती प्रत्येक गावाला "हं, मग?" म्हणत होती आणि मला पुढचं गाव सुचत होतं, शेवट सुचत नव्हता. आठव्या गावापाशी माझा घसा कोरडा पडला. तेव्हा मी मीठवाल्याला खाली बसवलं. त्याने बैलावरचं ओझं उतरवलं. गोणीची शिवण उसवली आणि वाटेवर मीठ ओतलं, आडवं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. म्हणाला, बाई, माझं गाव हेच. जिथे ओझं टेकलं ते. बाई म्हणाली, हे नाही, पुढचं. तो म्हणाला, तू जा. मी इथेच. आणि ती गेली. संपली गोष्ट.

टेप खटकन बंद झाला. तिने तो जवळ ओढला. मग म्हणाली, "ती बाई?"

"तिचं काय?"

"ती एकटीच गेली?"

"एकटीच."

"हं," ती म्हणाली. पुढे काहीच नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो 'हं' एकटा ऐकला.

दुपारी फोन आला. मामा सापडले. तीन खोरी ओलांडून एका गावाबाहेर, विजेच्या खांबाला टेकून बसलेले. पहाटे एका दूधवाल्याला दिसले. चपला झिजून गेल्या होत्या, तळव्यांना मीठ लागलं होतं. घामाचं असेल.

ती मामांशी बोलली तेव्हा मी शेजारीच होते. मामांचा आवाज मोठा, फोनमधून बाहेर येत होता. "चाळीस मोजले," ते सांगत होते. "खाली उतरणार, तर पुढे आणखी एक खांब. म्हटलं, हा कधी उभा केला? मला न सांगता? तिथवर गेलो, तर पुढे आणखी एक. पुढे एक बाई चालली होती. कोणीतरी गोष्ट सांगत होतं. ऐकत ऐकत गेलो बघ."

"मग?" तिने विचारलं.

"मग पाय उचलेना. बाई म्हणाली, चला. म्हटलं, तू जा बाई. मी इथेच."

डॉक्टर म्हणाले, वयाने असं विसरायला होतं. असेल. मी डॉक्टर नाही.

तिने गोष्ट लिहून पाठवली. खाली लिहिलं, पेणकडच्या एका आत्याची. आठवड्याने पुन्हा वर आली. "कोर्सच्या बाई विचारतात, शेवट कोणाचा आहे? बाकीच्या गोष्टीपेक्षा वेगळा लागतो, म्हणतात. काकू, शेवट आत्याचाच ना?"

"हो," मी म्हटलं.

आयुष्यात मी फार कमी खोटं बोलले. हे बोलले. माणूस सापडला होता, आता आणखी काय चाळवायचं, असा माझा हिशोब.

तेव्हापासून ती बदलली. वर यायची, बसायची, पण मी काही सांगितलं की नुसतं "हं." अर्धं लक्ष दाराकडे, जसं कोणाला बाहेर उभं करून आलीय. चहा झाला की लगेच उठायची. "जाते काकू. थांबवून ठेवलंय."

"कोणाला?"

"कामं आहेत," म्हणायची.

सप्टेंबरात म्हणाली, खोली सोडते. पामर्स्टन नॉर्थला दुकानात जागा आहे. मी म्हटलं, "इथल्या दुकानात काय वाईट होतं? परवापर्यंत म्हणत होतीस, पोरिरुआतच घर बघते."

"इथे नाही काकू. पुढे बघते."

मी तिच्याकडे बघितलं. तिला आपण काय बोललो ते कळलेलं दिसलं नाही. भांडी आवरत होती.

पुढे फोन यायचे. पामर्स्टन नॉर्थहून तीन महिन्यांनी. मग नेपियरहून. मग रोटोरुआ. मी विचारायची, "लागलं का मन?" म्हणायची, "इथे नाही. अजून वर बघते." मग व्हांगारेई. मग काइताया. मामा मात्र ठीक होते. रोज चाळीस खांब चालायचे आणि चाळिसाव्यापाशी मान खाली घालून उतरायचे, पुढे बघायचे नाहीत, असं मामी सांगायची. काइताया कुठे ते मी नातीला नकाशात दाखवायला सांगितलं. तिने देशाच्या अगदी टोकावर बोट ठेवलं. "नथिंग आफ्टर धिस, आजी." त्याच्यापुढे मोठं गाव नाही. समुद्र आहे.

काइतायाहून फोन आला त्या दिवशी मी ठरवलंच. म्हटलं, "ऐक. त्या गोष्टीचा शेवट माझ्या पदरचा होता. आत्याचा नव्हता. आत्याचा मला ठाऊकच नाही. मला झोप लागायची. कदाचित आत्याने त्या बाईला गाव दिलं असेल."

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"माहीत आहे काकू," ती म्हणाली. "तिने सांगितलं मला."

मी कोणी ते विचारलं नाही. कुकरची शिट्टी झाली होती. मी फोन ठेवला.

त्यानंतर फोन नाही. मुलाने तिथल्या दुकानात विचारलं, पोलिसांत विचारलं. नोकरी नीट सोडून, चावी देऊन गेली, एवढंच कळलं. कोर्स पुरा झाल्याचा कागद आमच्या पत्त्यावर आला. तो मी भारताच्या घड्याळामागे ठेवलाय. मामीचा फोन आला की मी सांगते, पुढच्या गावी गेलीय, पत्ता कळला की कळवते.

मला ती आठवते ती पोरिरुआ सोडली त्या सकाळची. स्टेशन उताराच्या पायथ्याशी आहे. तिने टॅक्सी नको म्हटलं. एकच बॅग. मी वरून खिडकीतून बघत होते, ऊन चांगलं होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. फूटपाथ रिकामा. आणि ती फूटपाथच्या मधून चालली नव्हती. अगदी कडेला होती, जवळजवळ गवतात. बॅग या हातातून त्या हातात घेतली, बाजूला जागा केली. चार पावलं टाकायची, थांबायची, वळून बघायची, मग पुन्हा चार पावलं.

इतक्या सावकाश ती माझ्याबरोबर कधी चालली नाही.